शांत माणसाने केलेली प्रश्नावली

५ जुलै, सकाळी
मुख्याध्यापिका बाईंनी माइंडफुलनेसची, म्हणजे सजगतेची, इंग्लिश प्रश्नावली नववीच्या मुलांसाठी मराठीत करायचं काम मला दिलं. योग्य निवड. अख्ख्या स्टाफरूममध्ये शांत माणूस मी एकटाच. जमलं तर शनिवारचा सजगतेचा तास माझा. तो मला हवाच आहे.
संकल्प: या काळात कोणावरही चिडायचं नाही.

५ जुलै, संध्याकाळी
शिपायाने झेरॉक्स उलट्या काढल्या. चिडलो नाही, फक्त झापलं. घरी आलो तर स्कूटरचा स्टँड पुन्हा अडकला. लाथ घातल्याशिवाय लागतच नाही. मेकॅनिक चोर आहे.

८ जुलै
पहिलं वाक्य तयार: 'मी वर्तमान क्षणातील स्वतःच्या भावनांचे तटस्थपणे अवलोकन करतो.' काय वाक्य आहे! नववी ब मध्ये वाचून दाखवलं. एकाने विचारलं, हे परीक्षेला आहे का. त्याला वर्गाबाहेर काढलं. मग बाकीच्यांना विचारलं, समजलं ना? सगळे हो म्हणाले. भाषांतर यशस्वी.

१२ जुलै
बाई म्हणतात, वाक्यं सोपी करा. आणि मुलांना त्यातून काय कळलं ते एकेकाला बसवून विचारायचं. ठीक. पण विचारणार कोण, तर ग्रंथपाल मॅडम! माझ्यासमोर मुलं मोकळेपणी बोलणार नाहीत म्हणे. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, आणि मला हे सांगतात? तळपायाची आग मस्तकात गेली. तरी दीर्घ श्वास घेऊन बाहेर पडलो. दार आपटलं ते वाऱ्याने.

१५ जुलै
सोपी वाक्यं घरी मुलीवर तपासली. तीही आमच्याच शाळेत नववीत, अ तुकडी. 'आजूबाजूचे बारीक आवाज माझ्या लक्षात येतात.' मान वर न करता 'नेहमी'वर खूण. 'समोरच्याच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावरून कळतं.' नेहमी. जन्मजात सजग पोरगी! बापावर गेलीय. बायकोला तसं म्हटलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हसलीस का, विचारलं. हसले नाही म्हणाली. त्यावरून थोडं वाजलं. चूक तिची.

१९ जुलै, दुपारी
मीटिंग. मुलं काय म्हणाली ते ग्रंथपाल मॅडमनी नावं न घेता सांगितलं. आवाजांचं वाक्य काढा म्हणतात. का, तर एका मुलीने 'नेहमी' लिहिलं, आणि कारण विचारल्यावर म्हणाली, "बाबांच्या स्कूटरचा स्टँड ऐकते. त्यावरून कळतं, आज बोलायचं की गप्प बसायचं." मॅडमचं म्हणणं, ही सजगता नव्हे, धास्ती आहे, आणि आपली प्रश्नावली दोन्हींना सारखेच मार्क देते.
मी संतापलो. टेबलावर हात आपटून म्हणालो, असल्या बापाला शाळेत बोलवा, चार शब्द मी सुनावतो. लेकरांना घरात असं धाकात ठेवतात, लाज वाटत नाही? ग्रंथपाल मॅडम कागद आवरू लागल्या. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. तिथून फक्त पार्किंग दिसतं. असो. मुद्दा सगळ्यांना पटला.

१९ जुलै, संध्याकाळी
घरी आलो. स्टँड अडकला. लाथ घातली.
आत टीव्ही बंद झाला.
बराच वेळ स्कूटरपाशीच उभा होतो. मेकॅनिकचासुद्धा राग येईना.

२२ जुलै
प्रश्नावली मंजूर, आवाजांचं वाक्य वगळून. शनिवारचा तास ग्रंथपाल मॅडमना. चिडलो नाही. या वेळी खरंच नाही.
स्टँडला तेल दिलं. संध्याकाळी अगदी हळू लावला, जरा म्हणून आवाज झाला नाही. दार उघडलं. पोरगी सोफ्यावर पाय वर घेऊन टीव्ही बघत खदखदून हसत होती. इतकं हसताना तिला कधी पाहिलं होतं ते आठवेना. तिने मला पाहिलं आणि केवढी दचकली. रिमोट खाली पडला. बाबा, तुम्ही कधी आलात, म्हणाली आणि दप्तर उचलून आत गेली.
बायकोने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. म्हणाली, "येताना आवाज तरी करत जा."