खालच्या ओळीतलं नाव

लोम, सोमवार, ६ ऑक्टोबर

प्रिय स्पास,

भंगार म्हणालास ते म्हणालास, वर मी बोलत असताना फोन ठेवून दिलास. मोठ्या बहिणीशी असं वागायचं हे व्हॅलेन्सियात शिकवतात वाटतं. घरची सगळी बरी असतील. मी बरी आहे, गुडघा सोडला तर. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदाला मध्येच ‘ताई, कामात आहे’ म्हणता येत नाही. उद्याच्या बसने कामेन ड्रायव्हर हे पत्र तुझ्या हातात देईल, सोबत भाजक्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या आहेत. बरण्या मागच्या वर्षीसारख्या ठेवून घेऊ नकोस, रिकाम्या परत पाठव.

दोन गोष्टी आहेत. एक, तुझा रुपेरी लॅपटॉप मी कायमचा बंद केला. दुसरी, आईला जाऊन पंचवीस तारखेला वर्ष होतंय आणि तिच्या पत्रकाची शेवटची ओळ मी तुझ्यासाठी अर्धी ठेवली आहे. आधी लॅपटॉपचं सांगते, कारण भंगार त्यावरून म्हणालास.

तुला तिकडे बसून वाटत असेल की ताई फुलांच्या माळा विकते. पुष्पचक्रं, फिती आणि मेणबत्त्यांवर दुकानाचं भाडंसुद्धा निघत नाही आता. दुकान चालतं ते पत्रकांवर. माणूस गेला की पत्रक, चाळीस दिवसांनी पत्रक, सहा महिन्यांनी, वर्षाने. फोटो, काळी चौकट, चार ओळी आणि खाली दुःखात असलेल्यांची नावं. फाटकावर, बेकरीच्या दारावर, बसथांब्यावर, पोस्टाजवळच्या पॉप्लरच्या झाडावर. अर्धं गाव तुझ्यासारखं परदेशात गेलं, उरलेलं पत्रकांवर येतंय. हे काम एक दिवस थांबून चालत नाही. माणूस उद्या पुरायचा असतो.

ऑगस्टमध्ये वुताकाकूचा त्सेनोकाका गेला. काकू सकाळीच फोटो घेऊन दुकानात आली. मी तुझा लॅपटॉप उघडला तर तो म्हणतो, तुम्हीच आहात हे सिद्ध करा, मालकाच्या फोनवर नंबर पाठवला आहे. मालक तू. विकत तू घेतलास, नाव तुझं, फोन तुझा. मी रोज त्यावर बोटं झिजवते, ती कोणीच नाही. तुला फोन केला. पुन्हा केला. मेसेज पाठवले. तू समुद्रावर होतास. वुताकाकू माझ्यासमोर खुर्चीवर बसून होती, फोटो मांडीवर. शेवटी उठली आणि म्हणाली, “नेदा, तुझं यंत्र सुट्टीवर गेलंय, मी मोंतानाला जाऊन छापून आणते.” नवरा घरात पडलेला आणि बाई बसने तासभर लांबच्या मोंतानाला गेली. तुझा फोन आला तेव्हा त्सेनोकाका पुरून झाला होता. तू नंबर वाचून दाखवलास आणि म्हणालास, “झालं ना काम?”

त्याच आठवड्यात मी असेनदादाकडे गेले. टीव्ही दुरुस्तीवाला, आठवतोय ना. त्याच्याकडे एक काळा, जाडजूड लॅपटॉप होता, जर्मनीतल्या कुठल्याशा कचेरीतून आलेला. त्याने तो आतून पार पुसून त्यावर लिनक्स घातलं. मी विचारलं, हा कुणाला फोन करणार? असेनदादा म्हणाला, “हा कुणालाच ओळखत नाही. पासवर्ड तू ठरव, तू विसर, तूच रड.” मी म्हटलं, दे.

सोपं गेलं असं समजू नकोस. तुझ्या यंत्रात बंद करायची फुली डावीकडे होती, इथे उजवीकडे. माझा हात अजून डावीकडे जातो. कॉपी करायची बटणं वेगळी. प्रिंटरने तर नव्या लॅपटॉपशी उभा दावा मांडला, असेनदादा अर्धा दिवस टेबलाखाली आडवा होता. पहिला आठवडा मी त्या यंत्राला इतक्या शिव्या दिल्या की शेजारची केशकर्तनवाली विचारायला आली, नवीन नवरा केलास का म्हणून.

आणि एक गोष्ट मी फोनवर सांगितली नव्हती, कारण तू हसला असतास. वुताकाकू चाळीस दिवसांच्या पत्रकासाठी पुन्हा माझ्याकडेच आली. मोंतानाची बस तिला परवडत नाही. जुन्या लॅपटॉपमधल्या सगळ्या चौकटी मी नव्यात आणल्या होत्या. त्यातली एक घेतली, नाव भरलं, फोटो लावला, छापलं, रात्री उशिरा जाऊन चिकटवलं. नीट बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आली ती पॉप्लरवरून सोलून काढलेलं पत्रक घेऊन. खळ अजून ओली होती. टेबलावर आपटलं आणि म्हणाली, “काय गं, माझा नवरा बेवारस होता का?”

नव्या यंत्रात अक्षरं थोडी रुंद येतात. वरच्या ओळी फुगल्या आणि शेवटची ओळ कागदाखाली पडली. बायको, मुलगी, जावई, नातवंडं, सगळी गायब. नुसता त्सेनोकाका चौकटीतून बघतोय आणि खाली त्याच्यासाठी रडणारं कुणी नाही. सकाळपासून गावाने तेच वाचलं होतं. बेकरीत कुणीतरी काकूला विचारलंसुद्धा, घर सोडून गेलीस की काय.

मी सगळी पुन्हा छापली. खळीची बादली घेऊन स्वतः फिरले, गुडघा घेऊन. काकू माझ्या मागे मागे, प्रत्येक पत्रकावर आपलं नाव बोट ठेवून वाचत. पोस्टाजवळ ती जरा शांत झाली. म्हणाली, “वरचं सगळं मेलेल्याचं असतं, नेदा. खालची ओळ गाव वाचतं.”

त्या दिवशी दुकानात परत आले आणि आईच्या वर्षाचं पत्रक करायला घेतलं.

तू म्हणालास, ते काळं भंगार फेकून दे, मी तसलाच नवा रुपेरी पाठवतो, माझ्या नावावर चालू केला की जुनं सगळं आपोआप येईल. तेच नको आहे मला, आपोआप. आईचं पहिलं पत्रक मी तुझ्या लॅपटॉपवर केलं. मुलगी नेदा, मुलगा स्पास व कुटुंब. चाळीस दिवसांचं केलं तेव्हा ती ओळ तशीच समोर आली. सहा महिन्यांचं केलं तेव्हाही. मी फक्त तारीख बदलत होते. तुझं नाव आधीच तिथे बसलेलं असायचं. जागेवर नसलेल्या माणसाचं नाव एका बटणासरशी तीनदा गावभर लागलं. आईला पुरलं त्या दिवशी बेकरीवालीने मला विचारलं, स्पास कुठे उभा होता, मला दिसला नाही. मी म्हटलं, मागे होता. अजून विचारतात, अजून तेच सांगते.

तू का आला नाहीस ते मी विचारणार नाही असं ठरवलं होतं. आताही विचारत नाही. सुट्टी नव्हती म्हणालास, असेल नसेल.

पण एक सांगते, कारण आता ते सांगून कुणाचं काही बिघडत नाही. तुझा लॅपटॉप सारखा नंबर मागायचा आणि तू वैतागायचास, “तुम्हा दोघींना साधं यंत्र सांभाळता येत नाही.” मी ऐकून घ्यायचे. यंत्राला काही झालेलं नसायचं. आई बिघडवायची. मी जेवायला गेले की एका बोटाने चुकीचा पासवर्ड दाबत बसायची, तो कुलूप लावेपर्यंत. मग केस विंचरून, डोक्याला चांगला रुमाल बांधून फोनजवळ येऊन बसायची, जणू तू त्यातून बघणार होतास. मी एकदा रंगेहाथ पकडलं तर माझ्यावरच डाफरली. “गप्प बस. आठवण आली म्हटलं की याला काम असतं. अडलं म्हटलं की लगेच फोन करतो.” तू नंबर वाचायचास, ती मुद्दाम पुन्हा विचारायची, सात आकड्याच्या आधी काय म्हणालास रे. तेवढाच आवाज जास्त.

ती गेल्यावरही मी तो लॅपटॉप ठेवला. असेनदादा तेव्हाच म्हणाला होता, बदल. मी म्हटलं, चालतोय तोवर चालू दे. नीट चालत नव्हता म्हणूनच ठेवला होता, हे तुला कळत असेल तर कळू दे.

आता नव्या यंत्राला तुझी गरज लागत नाही. दुकान अडणार नाही. फायली आल्या, प्रिंटर बोलायला लागला, अक्षरांची रुंदी मी बसून एकेका चौकटीत दुरुस्त केली. रुपेरी लॅपटॉप पुसून याच बसने परत पाठवते आहे, पोरीला अभ्यासाला दे. नवा पाठवलास तर कामेनला सांगून ठेवलंय, त्याच पिशवीत परत येईल.

आईच्या पत्रकासाठी जुनी चौकट घेतली नाही. कोरा कागद घेतला. फोटो लावला, तो तू काढलेला, द्राक्षांच्या मांडवाखालचा. चार ओळी लिहिल्या. मुलगी नेदा, एवढं टाइप केलं. पुढे तुझं नाव मला एकेक अक्षर दाबून लिहावं लागतं. ते मी अंदाजाने लिहिणार नाही. नाव लागणार असेल तर पंचवीस तारखेला थडग्यापाशी त्या नावाखाली माणूस हवा, उकडलेले गहू वाटायला, वाइन ओतायला, बेकरीवालीला दिसेल असा. मी पुन्हा कुणाला सांगणार नाही की तू मागे होतास.

बायकोला आणता येत नसेल तर एकटा ये. तिकिटाचं अडत असेल तर तसं सांग, लाजू नकोस. येणार नसशील तर तेही सांग. मी ओरडणार नाही. पत्रक माझ्या एकटीच्या नावाने लागेल आणि गाव काय वाचायचं ते वाचेल.

गुरुवारी, सोळा तारखेला सकाळी मी छापणार. बुधवारी दुकान बंद करेपर्यंत फोन कर. मेसेज नको, मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, हो किंवा नाही. या वेळी माझं काहीही अडलेलं नाही, तरी कर.

तुझी ताई
नेदा

बुधवार, पंधरा तारीख. त्यानंतरचं उत्तर माझ्या उपयोगाचं नाही.