सुपरचार्जरची शीळ

९ जानेवारी

गाडी मेली. बंद पडली नाही – मेलीच!

सूनबाईने आज सकाळी शेडमधून माझ्या मुलाची गाडी बाहेर काढली. तो गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. गाडी फाटकापर्यंत आली आणि बॉनेटखालून दगड दळल्यासारखी खडखड सुरू झाली, मग फाट् करून काहीतरी तुटलं. धावत खाली गेले. ती स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत बसलेली.

"आई, सुपरचार्जर गेला." घरातलं माणूस गेल्यासारखं म्हणाली.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं – "त्याने इतकी वर्षं सांभाळली, तुला फाटकापर्यंत नेता येईना?"

ती उतरली, ढकलायला लागली. मीही लागले. दोघींनी गाडी परत आत नेली.

१० जानेवारी

बोलायला नको होतं.

१३ जानेवारी

भेटायला येणारे अजून विचारतात, "गाडीचाच अपघात का हो?" नाही. साधा ताप आला होता. विष रक्तात पसरलं म्हणाले. सोमवारी आपल्या पायांनी चालत दवाखान्यात गेलेला माझा मुलगा त्या आठवड्यातच संपला. गाडी बिचारी शेडमध्ये उभी होती. हल्ली मी 'नाही' म्हणायचंही सोडलंय. नुसती मान हलवते, काय समजायचं ते समजा.

तो सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, त्या दोघांनीच बसवला होता. लग्न झाल्यावर लोक फिरायला जातात, ही दोघं शेडमध्ये गेली! तीही यंत्रांच्या कारखान्यात डिझाइन करणारी, त्यामुळे दोघांचं एकच वेड. महिनाभर जेवायला बोलावलं की काळ्या हातांची दोन माणसं यायची. मी सीटची कव्हरं शिवून दिली. पडदे आणि कव्हरं शिवण्यातच माझा जन्म गेला, पण इतक्या मनापासून दुसरं काही शिवलं नाही.

आणि पहिल्यांदा गाडी सुरू झाली तेव्हा ती शीळ! इंजिनाचा घरघराट खाली, त्याच्यावर ही बारीक, चढत जाणारी. मी कान झाकले होते. तो हसत होता – "आई, शेजारी तक्रार करणार आता!"

तेव्हापासून गाडी कोपऱ्यावर वळली की मला कळायचं. हातातलं शिवण खाली, दार उघडं.

२० जानेवारी

मिस्त्री आले. टायरच्या दुकानामागे त्यांचं गॅरेज आहे, तो शाळेत असल्यापासून तिथे जायचा. बॉनेट उघडून बराच वेळ नुसतेच बघत राहिले. मग टोपी काढली. मला वाटलं गरम होतंय म्हणून. डोळे पुसले त्या टोपीने.

मग कामाला लागले. सुपरचार्जर उतरवून शेडच्या टेबलावर ठेवला. चांगला तान्ह्या पोराएवढा जड. उभ्या उभ्या सील सुकलं, त्याचं तेल गळून गेलं, बेअरिंग जाम झालं. आत पिळाचे दोन दांडे असतात, रोटर म्हणतात, ते एकमेकांना न शिवता फिरायला हवेत – ते शिवले. आतून सगळं ओरबाडलेलं. मला कळावं म्हणून त्यांनी माझं बोट आत फिरवलं.

"काकू, दोन रस्ते," म्हणाले. "एक, हाच दुरुस्त करायचा. पण भाग आता निघत नाहीत, कुणीतरी घडवून द्यायला हवेत. किती दिवस लागतील, देव जाणे. दुसरा – हा काढून टाकायचा, दोन्ही बाजूंना एकेक टर्बो. हा पट्ट्यावर फिरतो, इंजिनाचीच ताकद खातो. टर्बो बाहेर जाणाऱ्या धुरावर फिरतो. ताकद वाढेल."

"टर्बो," सूनबाई म्हणाली. लगेच! विचारसुद्धा केला नाही.

"आणि आवाज?" मी विचारलं.

मिस्त्री गडबडले. "टर्बोलाही असतो काकू… पण दबका. हा नाही."

"मग दुरुस्तच करा."

"आई, गाडी मी चालवणार आहे."

"आणि घर कुणाचं आहे?"

मिस्त्री स्क्रू गोळा करायला लागले. गरज नसलेलेसुद्धा.

२१ जानेवारी

ती पहिल्यापासून टर्बोवाली, तो सुपरचार्जरवाला. जेवताना वाद – ती म्हणायची, फुकट जाणारा धूर वापरायचा सोडून इंजिनावर ओझं कशाला? तो म्हणायचा, तुझा टर्बो आधी विचार करतो मग पळतो, माझा पाय दाबला की हजर! मी म्हणायचे, भाजी गार होतेय.

आता तो नाही, तर माझ्याशी भांडते.

२ फेब्रुवारी

घरात कामापुरतं बोलणं. "डबा घेतलास?" "घेतला." "उशीर होईल?" "होईल." एवढंच. दोन बायका आणि मध्ये एक लोखंडी ठोकळा.

विहीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर – "तिचंही वय काय आहे हो? तिने तिथे किती दिवस राहायचं?" मी म्हटलं, तिला राहायचंय तितके. फोन ठेवला. मशीनवर बसले, पण दोरा काही सुईत जाईना.

तिला गाडी बदलायचीय, मग खोली बदलेल, मग… जाऊ दे. लिहितसुद्धा नाही.

११ फेब्रुवारी

आज फुटलं सगळं.

मी तिला म्हटलं, तुला त्याचं काही राहू द्यायचंच नाहीये. त्याचे शर्ट बांधून ठेवलेस, त्याचा चहाचा कप माळ्यावर टाकलास, आता आवाजही नको.

ती भांडी विसळत होती. नळ बंद केला. मागे वळली नाही.

"आई, तो आवाज रोज माझ्या पायाखालून निघणार. मी कामावरून येणार, कोपऱ्यावर वळणार, शीळ वाजणार. तुम्ही दार उघडणार. आणि गाडीतून उतरणार कोण? मी! रोज! तुमचा चेहरा पडलेला रोज मी बघायचा? एकदा बघितला तेवढा बास नाही का?"

खरं सांगायचं तर मी त्या दाराचाच विचार केला होता. उतरणार कोण, हा विचार मी केलाच नव्हता.

तरी म्हटलं – "चालेल मला. चेहरा नाही पडू देणार."

"तुमच्या हातात आहे का ते?"

तिने नळ परत सोडला.

१२ फेब्रुवारी

सकाळी उठून बघते तर शेडमधलं टेबल रिकामं. चपला घालून तशीच गॅरेजकडे निघाले, भंगारात दिला की काय म्हणून. तर ही तिथे, कामावर न जाता! सुपरचार्जर उघडून, मापं घेऊन कागदावर चित्र काढतेय.

"एक कातारी आहेत, लेथवर काम करणारे, दुसऱ्या गावात. ते म्हणतात, चित्र नीट दिलं तर बेअरिंगची बैठक घडवून देतो," म्हणाली. वर बघितलंच नाही. "रोटरना नवा लेप द्यावा लागेल. वेळ लागेल."

मिस्त्री माझ्याकडे बघून कुजबुजले, "वहिनी सकाळपासून इथेच आहेत. चहासुद्धा नाही घेतला."

मी चहा आणायला गेले. दुसरं काय करता येणार होतं?

६ मार्च

तीन वेळा त्या गावाला जाऊन आली. पहिल्यांदा बैठक सैल झाली, दुसऱ्यांदा घट्ट. तिसऱ्यांदा मी बरोबर गेले. बसमध्ये तिला झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर पडलं. खांदा अवघडला तरी हलले नाही.

कातारी कडक माणूस. तिचं चित्र दाखवून म्हणतो, "हे कुणी काढलं?" ती म्हणाली, मी. "मग नोकरी सोडा आणि इथे या." ती हसली! कितीतरी महिन्यांनी. मला इतकं बरं वाटलं आणि लगेच लाज वाटली – माझ्या हट्टापायी ही पोरगी बसचे धक्के खातेय.

२२ मार्च

गॅरेजमधून येताना तिने विचारलं, "आई, लहानपणी तो गाड्यांचे आवाज काढायचा का हो?"

अख्खा रस्ता सांगत होते. घर आलं तरी संपेना. फाटकात उभ्या राहून बोलत होतो आम्ही.

१७ एप्रिल

आज गाडी गॅरेजमधून परत आली.

मी सकाळपासून दाराशी. नवीन साडी नेसले होते, वेडेपणा सगळा! तिने फोन करून सांगितलं, निघतोय. मी तयारी करून ठेवली होती – चेहरा पडू द्यायचा नाही. आरशासमोर करूनही बघितलं.

गाडी कोपऱ्यावर वळली. काळी, चकचकीत. इंजिनाची घरघर ऐकू आली, चाकाखाली खडी वाजली. फाटकात येऊन थांबली.

शीळ नव्हती.

मिस्त्री शेजारच्या सीटवरून उतरले, तोंडभर हसू. "काय काकू! होता तसा आहे की नाही?"

"आवाज कुठाय?" मी म्हटलं. "फसवलंत तुम्ही मला! टर्बो बसवलेत ना?"

त्यांचं हसू उतरलं. बॉनेट उघडलं. तोच होता, इंजिनावर बसलेला, पट्टा गरगर फिरतोय. तिने आत बसून पाय दाबला. घरघर वाढली. मिस्त्रींनी चक्क एका कानावर हात ठेवला. समोरच्या घरातली बाई खिडकीत आली, बंद करा म्हणून हात करायला लागली.

मी हात पुढे करून बॉनेटवर ठेवला. पत्रा थरथरत होता. तळव्यात सगळं जाणवत होतं. कानात काहीच नाही.

सूनबाई काचेतून माझ्याकडे बघत होती. तिने इंजिन बंद केलं. मिस्त्री कशाला तरी गाडीच्या मागे गेले.

चेहरा पडू द्यायचा नाही, हे साफ विसरले.

१९ एप्रिल

कानाच्या डॉक्टरांकडे. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते दोन डबे. आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बटण धरून बसले. काचेपलीकडून तपासणारी मुलगी माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतेय. मध्येच शंका आली म्हणून एकदा दाबलं. तिने मान हलवली – काही वाजलंच नव्हतं.

"बोलणं ठीक ऐकू येतं," डॉक्टर म्हणाले. "वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेलेत. वयाने होतं."

"कधीपासून?"

"आजचं नाही हे. चार-पाच वर्षं तरी झाली असतील."

यंत्र लावून तो आवाज परत येईल का, विचारलं. "थोडाफार. पण तुम्हाला आठवतोय तसा नाही येणार."

सूनबाई दाराशी उभी होती. रिक्षात माझा हात धरून बसली.

२० एप्रिल

मिस्त्रींना फोन केला – काढा तो, बसवा दोन टर्बो. एवढी वणवण केली तिने, आता तरी तिच्या मनासारखं होऊ दे. मला काय, दोन्ही सारखंच.

तिने माझ्या हातातून फोन घेतला. "मिस्त्री, काही काढायचं नाही. राहू दे आहे तसा."

"अगं, तुलाच तर नको होता!"

"आता मीही नको म्हटलं तर ती शीळ कुणालाच ऐकू येणार नाही, आई."

मग रडली. तो गेला तेव्हाही माझ्यासमोर अशी रडली नव्हती. फोन चालूच राहिला होता. पलीकडून मिस्त्री मध्ये मध्ये "हं… हं…" म्हणत होते.

२४ एप्रिल

चार दिवस डोक्यात एकच घोळतंय. चार-पाच वर्षं ऐकू येत नव्हतं, तर मग तो यायच्या आधी मी दार कसं उघडायचे? रोज उघडायचे. एकदासुद्धा चुकले नाही. आज तिला विचारलं.

बराच वेळ टाळाटाळ केली. मग म्हणाली, "मी 'आला' म्हणायचे ना, आई. तुम्ही म्हणायचात, 'मला आधीच कळलं.'"

"तुला कुणी सांगितलं होतं असं करायला?"

"त्यानेच. का ते मला त्या दिवशी डॉक्टरांकडे कळलं."