डबा म्हणायची गाडी

प्रिय इब्तिसाम,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की मी ठणठणीत आहे, ऐहम ठणठणीत आहे, सून आणि मुलं मजेत आहेत आणि कुणी गेलेलं नाही. रोज सकाळी फोनवर तास तास बोलणाऱ्या बहिणीने अचानक कागद-पेन घेतलं म्हणजे काहीतरी बिघडलं असणार, असं कुणालाही वाटेल. बिघडली होती ती गाडी, आणि आता तीही सुधारली आहे. पण हे सगळं फोनवर सांगता येणार नाही. का ते शेवटी लिहिते. तू आधी चहा टाक, त्यात मरमीयेची चार पानं घाल, दार लोटून घे आणि एकटीने वाच. मोठ्याने वाचू नकोस.

आपण गाड्या घेतल्या तो दिवस आठवतो ना? ऐहमचे वडील, अबू ऐहम, जाऊन वर्ष झालं होतं. मी म्हणाले, मला गाडी घ्यायची आहे, तर सगळ्या घराने तोंडात बोटं घातली. विधवा बाई, पांढरे केस, आणि हिला गाडी हवी! तू एकटीच म्हणालीस, ''घे की! तू घेतलीस तर मीही घेते, बघू कोण काय म्हणतंय ते.'' मग आपण दोघी झरकाच्या बाहेरच्या त्या उन्हाने तापलेल्या आवारात गेलो, जिथे जहाजाने आलेल्या वापरलेल्या गाड्या ओळीने उभ्या असतात. एकाच वर्षाच्या, एकाच जहाजातून उतरलेल्या दोन गाड्या, एक पांढरी, एक चंदेरी. तो व्यापारी किती गोडबोल्या होता! ''या दोघी सख्ख्या बहिणी आहेत, यांची ताटातूट करू नका,'' म्हणाला. आपण आपलं हसलो आणि दोन्ही घेतल्या, पांढरी मी आणि चंदेरी तू. आरशाला निळे मणी बांधले, मागे ऐहमचा तान्हेपणीचा बूट लटकवला, आणि आवारातून बाहेर पडतो न पडतो तोच खोटं बोलायला सुरुवात केली.

समोरची उम्म फारिस गॅलरीतून अभिनंदन करत ओरडली, ''मबरूक, मबरूक!'' आणि तू, तुझ्या गावी सल्तला परत जायच्या घाईतसुद्धा, थांबून म्हणालीस, ''कसलं मबरूक, बाई! डबा आहे डबा. चढ चढला तरी नशीब.'' आईने शिकवलेलंच आपण केलं. चांगल्या वस्तूला नावं ठेवावीत, म्हणजे लोकांची दृष्ट लागत नाही. ऐहम जन्मला तेव्हा गुलाबाच्या फुलासारखा होता, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला आई सांगत होती, ''माकड झालंय हो, माकड.'' बिचारी सून लग्नानंतर मला हळूच विचारत होती की हे लहानपणी खरंच इतके कुरूप होते का. तेव्हा आपल्या गाड्या डबाच राहिल्या. ईदला तुझ्या अंगणात मन्सफच्या, त्या मटण-भाताच्या, परातीभोवती आपण दोघींनी एकमेकींच्या वरताण गाड्यांची निंदा केली, आणि माणसं हसून हसून लोळली.

खरं तर या गाडीने मला किती सुख दिलं ते मी कुणालाच कधी सांगितलं नाही, तुलाही नाही. सकाळी भट्टीतून निघालेली भाकरी गरम असतानाच घरी आणणं हे सुख. शेजारच्या चार बायका कोंबून मादब्याला जाणं आणि वाटेत गाणी म्हणणं हे त्याहून मोठं सुख. माझी सीट मी मला हवी तितकी पुढे घेते, खिडकी हवी तेवढी उघडते, आणि कुठे निघालीस असं विचारणारं कुणी नसतं. साठी उलटल्यावर हे मिळालं.

उन्हाळा लागला आणि एका दुपारी आमच्या टेकडीच्या, जबल ताजच्या, उतारावर मी ब्रेक दाबला, तर तो दबेचना. पायाखाली दगड असावा तसा. दोन्ही पाय ठेवून मी त्यावर अक्षरशः उभी राहिले, हँडब्रेक ओढला, आणि गाडी पुढच्या बसच्या पाठीपासून हातभर अंतरावर थांबली. थोड्या वेळाने पुन्हा दाबून पाहिला तर ब्रेक लोण्यासारखा मऊ. घरी जाऊन ऐहमला सांगितलं. तो हसायला लागला. ''यम्मा, कालच तू उम्म फारिसला सांगत होतीस की इंजिन पिठाच्या गिरणीसारखं वाजतं, म्हणून. आज ब्रेक का?'' मी शपथा घेतल्या. त्याने रात्री जेवण झाल्यावर गार हवेत गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, ''अगं, काही झालेलं नाही. आता माझ्यापाशी तरी खरं बोलत जा.''

बयादरच्या गॅरेजात गेले. अबू रियादला तू ओळखतेस, पोट आधी येतं आणि तो मागून. सकाळच्या थंडाव्यात त्याने गाडी फिरवली, खाली वाकून बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, ''हज्जे, माशाअल्लाह, घोडा आहे तुमची गाडी.'' आणि इब्तिसाम, माझं तोंड कधी ऐकतं का? मी तिथल्या तिथे बोलून गेले, ''कसला घोडा, मरतुकडं गाढव आहे!'' तो खो-खो हसला, त्याची माणसं हसली, आणि मला चहा पाजून त्यांनी परत पाठवलं. जी तक्रार घेऊन गेले होते ती मीच माझ्या तोंडाने वाऱ्यावर सोडून आले.

दुसऱ्या वेळी गाडीत बायका होत्या. उतार छोटाच होता, पण ब्रेक पुन्हा दगड झाला. मी गाडी फुटपाथच्या कडेला घासत नेऊन कशीबशी थांबवली. मागे सगळ्या जणी एका सुरात अल्लाहचा धावा करत होत्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या जबलला कळलं की उम्म ऐहमचा, म्हणजे माझा, पाय आता चुकतो. ऐहम माझ्यासमोर येऊन बसला. यावेळी हसला नाही, ते जास्त वाईट होतं. म्हणाला, ''यम्मा, राग मानू नकोस. वय होतं माणसाचं. ब्रेक समजून तू दुसरंच काही दाबत असशील. तुला काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.'' आणि किल्ली मागितली. मी चिडले, आरडाओरडा केला, त्याच्या गेलेल्या वडिलांचं नाव मध्ये आणलं, आणि शेवटी किल्ली दिली.

तुला एक सांगते, हसू नकोस. त्यानंतर काही दिवस मलाही तसंच वाटायला लागलं होतं. सकाळी पलंगाच्या कडेला बसून मी माझ्याच पायांकडे बघत राहायचे. या पायांनी आयुष्यभर मला कुठे कुठे नेलं, आणि आता यांनीच दगा दिला? गाडीचं मला एवढं वाईट वाटलं नाही. स्वतःवरचा विश्वास उडाला त्याचं वाटलं. तुला रोज फोन करत होते, पण बोलत होते भेंडीबद्दल आणि सुनेच्या भावाच्या साखरपुड्याबद्दल.

पुढच्या आठवड्यात ऐहम गाडी विकायला निघाला. भर दुपार, डांबर वितळत होतं. आमच्या उताराच्या पायथ्याशी दरवर्षी कलिंगडवाल्याचा तंबू लागतो, तू पाहिला आहेसच. ऐहमने ब्रेक दाबला आणि त्याच्या पायाखाली तोच दगड. समोर रस्त्यावर शाळेची मुलं. त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळ कलिंगडांच्या ढिगात घातली. तंबूवाला बाहेर सावलीत सिगारेट ओढत बसला होता म्हणून वाचला. ऐहम घरी आला तो डोक्यापासून पायापर्यंत लाल. सुनेने जी किंकाळी फोडली! मीही धावले, आणि जवळ गेल्यावर वास आला कलिंगडाचा. केसांत बिया, कॉलरमध्ये साल. मला बघितलं आणि त्याचं पहिलं वाक्य काय असेल? ''यम्मा, तुझे पाय अगदी उत्तम आहेत.'' मग माझा हात धरून त्यावर ओठ टेकले आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले. आधी भीतीने, मग आनंदाने, आणि दोन्ही कधी मिसळलं कळलं नाही. त्या दिवशी सगळ्या गल्लीने कलिंगड खाल्लं.

गाडी तापलेली असतानाच ओढून अबू रियादकडे नेली. या खेपेला तो हसला नाही. ब्रेक दाबणाऱ्या पायाला जोर देणारा एक गोल बूस्टर असतो, त्याच्या आत रबराचा पडदा. तो चिरला होता. गार असताना चीर मिटते आणि सगळं ठीक वाटतं. तापलं की ती उघडते, जोर निघून जातो आणि ब्रेक दगड होतो. तिन्ही वेळा भर दुपारच झाली होती, आणि याआधी तपासलं ते मात्र दोन्ही वेळा थंडाव्यात. अबू रियाद कान पकडून म्हणाला, ''हज्जे, मला वाटलं दृष्ट लागू नये म्हणून तुम्ही नेहमीसारखी नावं ठेवताय!'' मी म्हटलं, चूक तुझी एकट्याची नाही रे बाबा. आता नवीन बूस्टर बसलाय. रोज सकाळी मी गाडी बंद असताना ब्रेक काही वेळा दाबते, पाय तसाच ठेवते आणि गाडी चालू करते. पाय जरासा खाली गेला की समजायचं सगळं ठीक आहे. ऐहमने स्वतःच्या हाताने किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

परवा गाडी पुसत होते तर उम्म फारिस गॅलरीतून विचारते, ''कसा आहे गं तुझा डबा?'' माझं तोंड सवयीने उघडलं, आणि मी म्हणाले, ''छान आहे. अल्लाहची कृपा, घोड्यासारखी चालते.'' तिच्या हातातली उशीची खोळ खाली पडली. तासाभरात सूप घेऊन आली, मला ताप आलाय असं वाटून.

आता हे पत्र का लिहिलं ते. अबू रियाद म्हणाला की त्याच्या ओळखीच्या गॅरेजांत याच बनावटीच्या आणखी गाड्या या उन्हाळ्यात आल्या, सगळ्यांचा पडदा असाच चिरलेला. तो बोलत होता आणि मला एकदम ईद आठवली. परातीभोवती ऐहमने तुला विचारलं होतं, मावशी, चंदेरी कशी चालते? तू म्हणालीस, ''माझा डबा मी थांबवत नाही, अल्लाह थांबवतो. परवा घोर खोऱ्याच्या उतारावर ब्रेक असा दगड झाला की मी गाडीलाच हात जोडले.'' सगळे हसले, सर्वांत मोठ्याने मी. दगड, इब्तिसाम. हा शब्द तू माझ्या आधी वापरलास. तेव्हा माझ्या गाडीला काहीही झालं नव्हतं. आणि तू दर शुक्रवारी पाचही नातवंडं मागे बसवून त्याच उताराने खाली शेतावर जातेस, जिथे वसंतातसुद्धा भट्टी असते. फोनवर विचारलं असतं तर तुझा फोन स्पीकरवर, सासूबाई शेजारी, जावा शेजारी, आणि तू म्हणाली असतीस, ''अगं, माझी तर त्याहून भंगार!'' आणि मला काही कळलं नसतं. गाडीबद्दल आपण दोघी मोठ्याने खरं बोलूच शकत नाही. म्हणून कागद. ऐहम हे पत्र घेऊन पांढरी चालवत आलाय आणि बाहेर उभा आहे. चंदेरीची किल्ली त्याला दे. तो ती चालवणार नाही, उचलून न्यायला गाडी बोलावली आहे. या शुक्रवारी मुलांना पांढरीतून ने. आणि मला एवढंच सांग, ईदला बोललीस ते खरं होतं का? असेल तर आम्ही हसत होतो आणि तू इतके दिवस एकटीच घाबरत होतीस, तेही माझ्यासारखंच भेंडीबद्दल बोलत. पांढरी उत्तम आहे, इब्तिसाम. अगदी उत्तम, कुठलीही खोट नाही. हे मी स्वतःच्या हाताने लिहून देते, आणि दृष्ट लागली तर खुशाल लागू दे.

चंदेरी बरी होऊन येईपर्यंत पायी फिरणारी,
तुझीच विजदान