प्रत्येक वस्तूला किंमत बांधलेलं घर

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

पार्सल पोचलं. त्यातून लोकरी पायमोज्यांचे दोन जोड, गुडघ्याचं तेल, जपमाळेची नवी पिशवी आणि तुमचा आशीर्वाद एवढं निघालं. पायमोजे साठ रुपये जोडी आणि पार्सलवरची तिकिटं साडेअकराशेची! असले महागाचे पायमोजे पायात घालावेत की कुलपात ठेवावेत, याचा मी दोन दिवस विचार केला. (घातले. थंडीपुढे हिशेब टिकत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नका. आम्ही मायलेक इथे परदेशात देवाच्या कृपेने खुशाल.

आता मुख्य काम. मुलीचं घर स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये, मगच लग्नाचं बोलू, असं यांनी निघताना मला बजावलं होतं. तुम्हीही मान डोलावलीत. तर मुलगी, म्हणजे आपल्या पोराची इथली मैत्रीण, चष्म्याच्या दुकानात नोकरीला आहे आणि तिची आई शहरात बस चालवते. (हो, बसच. मी पुढे बसून पाहिलं. मी सुईत दोरा ओवते तितक्या सहज ती गर्दीतून गाडी काढते.) पोराला रजा मिळेना, म्हणून या दोघींनीच मला शहर दाखवायला नेलं. मुलीला पोराने शिकवलेलं मोडकंतोडकं मराठी येतं. आईला एक शब्द येत नाही, तरी आमचं छान जमलं. ती तिच्या भाषेत बाकीच्या ड्रायव्हरांचा उद्धार करायची, मी आपल्या भाषेत दुजोरा द्यायचे.

इथे माणसं चालत नाहीत, सुटतात. सिग्नलवरचा हिरवा माणूस पेटला की दोन्हीकडून शे-दोनशे लोक एकमेकांवर चालून येतात. मी पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि मधोमध घुसले. पहिल्या चौकात मी बसवाल्या बाईंचा हात धरला होता. तिसऱ्या चौकात त्यांनी माझा धरला.

दुपारी मुलगी म्हणाली, "आई, आता आमच्या घरी जेवायला." मी सावध झाले. एका उंच इमारतीत शिरलो, लिफ्टने वर गेलो, तो समोर हा एवढा दिवाणखाना! मी चपला काढल्या. आत माणसंच माणसं. म्हटलं, मुलाची आई येणार म्हणून सगळं गणगोत जमलंय. एकेकाला हात जोडले. एक आजोबा खुर्चीत बसून वरखाली उसळत होते. मुलीचेच आजोबा असणार, म्हणून वाकून नमस्कार केला. ते दचकून उभे राहिले आणि टोपी काढून माझ्याहून खाली वाकले. घराण्याला वळण आहे, मी मनाशी नोंद केली.

आणि वन्सं, खुर्ची, दिवा, उशी, प्रत्येक वस्तूला तिची किंमत दोऱ्याने बांधलेली! तीस वर्षं मी घरखर्च लिहितेय, पण हे काही मला सुचलं नव्हतं. पोरं वस्तू जपून वापरतात आणि पाहुण्यांची विचारायची पंचाईत होत नाही. अशी विहीण नशिबाने मिळते! पण स्वयंपाकघरात डोकावले तर डबे रिकामे, फ्रीज रिकामा, नळ कोरडा. सगळा पैसा लाकडात घातला यांनी, माझं पोर इथे उपाशी मरणार! आता देवालाच साकडं घालायचं. आतल्या खोलीतल्या पलंगावर माळ घेऊन जरा टेकले आणि डोळा लागला.

जागी झाले तेव्हा अंगावर मुलीचा कोट होता. ती पायथ्याशी बसून, ओठांवर बोट ठेवून लोकांना परतवत होती. एक टायवाला तावातावाने काही सांगत होता (मला वाटलं, मुलीचे काका), आणि ही हळू आवाजात त्याला पुढे येऊ देत नव्हती. मला म्हणाली, "झोप झाली, आई? चला, आता जेवायचं घर." म्हणजे यांना जेवायला वेगळं घर!

ते घर तीन जिने चढून. खोल्या दोन, खुर्च्यांना ठिगळं, कपाट एका पायाने लंगडं. पण ओट्यावर तीन पातेली झाकून ठेवलेली आणि नळाला धो धो पाणी. बसवाल्या बाईंनी पिशवीतून नवा दिवा काढला आणि त्याला बांधलेली किंमत कात्रीने कापून टाकली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वाटेत दिवा घ्यायला थांबलो होतो, आणि मी भर दुकानात, विकायच्या पलंगावर, तासभर घोरत पडले होते! (घोरते असं हे म्हणतात. मी कधी ऐकलेलं नाही.)

दोघींच्या ओठांचा कोपरा हलला नाही. संध्याकाळी पोराने विचारलं, "काय काय पाहिलं आज आईने?" मुलगी म्हणाली, "आमचं घर पाहिलं. पोटभर जेवली." संपलं. सांगितलं असतं तर पोराने आठ दिवस हसवलं असतं सगळ्यांना. आपल्याकडे कपबशी फुटली तरी शेजारपाजारी बातमी जाते (तुम्हाला नाही म्हणत). आणि या परक्या पोरीने माझी लाज अशी झाकली, जसा तो कोट घातला होता अंगावर. माझा ऊर अभिमानाने भरून आला.

तुमची धाकटी भावजय

ता. क. – पलंगाचा मजकूर यांना वाचून दाखवू नका. घर पाहिलं का, असं विचारतील. एका दिवसात दोन पाहिली म्हणून सांगा.

ता. क. – होकार मी तिथेच जेवता जेवता देऊन टाकला. लग्नाच्या नोंदणीची तारीख पुढच्या महिन्याअखेरची मिळाली आहे. हे यांना अजून ठाऊक नाही. तुमचे बंधुराज जगात फक्त तुम्हालाच घाबरतात. तेव्हा त्यांना आजच समोर बसवा, हो म्हणायला लावा, आणि आधी ते हो म्हणाले व मग मी, असं सगळ्यांना वाटेल एवढं बघा. ते किती वेळात हो म्हणाले, हे उलट टपाली कळवा.