आधी गोळी, मग चहा

६ मार्च

वर्गात 'राम' चालवायला घेतला. रामः, रामौ, रामाः — आणि पुढे पाटी कोरी! मुलांना वाटलं, परीक्षा घेतोय. पुढचं त्यांनीच एका सुरात म्हटलं. मी "छान" म्हणालो.

औंढ्याला घरी आलो. आबा ओट्यावर, कांबळ्यात गुरफटलेले. "कोन रं तू?" गेली तीन वर्षं हेच विचारतात. आज उत्तर द्यायला मलाच क्षणभर वेळ लागला.

वडिलांच्या वाटेला लागलो की काय?

१४ मार्च

बायको, अनिता, म्हणाली, "भर दुपारी स्वेटर? आबांचं कांबळंही घ्या की!" अंग सुजल्यासारखं, आवाज घोगरा, मलूलपण. गावातले डॉक्टर — "वय झालं, सर. जरा फिरत जा."

राजीनामा लिहिला. भाषा शुद्ध उतरली. एवढं अजून जमतं.

२२ मार्च

अनिताने तळेगावला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी मान चाचपली, घोट्यामागे हातोडी मारली. पाऊल हललं, पण विचार करून.

"थायरॉईड तपासलंय?"

"तो बायकांचा आजार ना?"

"हे त्या आजाराला कुणी सांगितलंय?"

२४ मार्च

थायरॉईडच. गोळी — रोज सकाळी, उपाशीपोटी, बहुधा जन्मभर. राजीनामा खणात.

११ मे

फरक शून्य. रक्ताचा रिपोर्टही जवळपास तसाच.

"गोळी उपाशीपोटी घेता ना?"

"अगदी. चहाबरोबर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी शास्त्रार्थ मांडला — चहा एकादशीला चालतो, चहाने उपवास मोडत नाही, म्हणजे पोट उपाशीच!

"एकादशीला चालतो, सर. गोळीला नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा पाऊण तासाने."

जन्मात एवढं कडक व्रत केलं नव्हतं.

१२ जुलै

बाहेर पाऊस, आणि स्वेटर ट्रंकेत! 'राम' संबोधनापर्यंत बिनचूक. राजीनामा फाडला.

बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणी गारठतं? विसरतं?"

"आबा. पण त्यांचं काय, वय झालं."

बोलून गेलो. हे वाक्य कुठेतरी ऐकलं होतं.

१५ जुलै

आबांचं रक्त दिलं. सुईवाल्याला म्हणाले, "लय घेऊ नगं रं!"

१८ जुलै

आबांनाही थायरॉईडच; रिपोर्टमधला आकडा माझ्यापेक्षा मोठा. वडीलच ते. बाई म्हणाल्या, "सगळं विसरणं यानेच असेल असं नाही. बघू." गोळी अगदी लहान मात्रेने सुरू.

९ नोव्हेंबर

सकाळी गोळी दिली. आबा चुलीकडे बघत म्हणाले, "सोपाना, च्या कुटंय?"

"अजून पाऊण तास, आबा."

असं म्हणालो, आणि मग कळलं — नावाने हाक मारली त्यांनी.