'धोटा' चालू आहे

कारागृहातून,
३ फेब्रुवारी २०२५

चि. नवनाथ यास,

सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

मी बरा आहे. इथली आमटी पातळ असली तरी तुझ्या हातच्यापेक्षा घट्ट आहे, तेव्हा काळजी नको. मुद्दाम इतक्या लांब आणून ठेवलंय की भेटीला यायला घरच्यांचे दोन दिवस मोडतात, म्हणून पत्रंच बरी. चौकशीत सगळे एकच विचारतात. टँकर रिकामे फिरतात आणि बिलं भरलेल्या टँकरची निघतात, हे आपल्या 'धोटा' पाक्षिकाला कुणी सांगितलं? मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्याला लहान लेकरू आहे.

अंक थांबवू नकोस. बावीस वर्षांत किती सरकारं आली, सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, जाहिराती गेल्या, पण पाक्षिक एकदाही चुकलं नाही. मला कधीतरी उचलतील म्हणूनच मालकी पहिल्यापासून तुझ्या नावावर ठेवली. शालनला धीर दे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
त्रिंबकदादा


सोलापूर,
२० फेब्रुवारी २०२५

ती. दादांस,

सविनय जयभीम. वि. वि.

'धोटा' चालू आहे. अक्कलकोट रोडच्या टपऱ्यांवर एका अंकावर चारचार कामगार वाकायचे, आता तिथे गठ्ठेच जातात. कागदही चकचकीत घेतलाय. तुमच्या त्या पिवळ्या कागदावर मंत्रीसुद्धा आजारी दिसायचे. तुम्हाला अंक धाडला होता, पण तुरुंगात 'धोटा' घेत नाहीत म्हणून टपालाने परत आला. शालनवहिनी म्हणतात, अंक न्हाय निघाला तरी चालंल, मानूस घरी आलं पायजे.

एक अडचण आहे. लोक टँकरचा पुढचा भाग मागतात आणि तो माणूस फक्त तुम्हाला ठाऊक. नाव लिहू नका, मला उमजेल असं काही सुचवा.

कृपा आहे तशी राहावी.

आपला,
नवनाथ


कारागृहातून,
५ मार्च २०२५

चि. नवनाथ यास,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू अंक चालवशील असं मला खरंच वाटलं नव्हतं. सांगणाऱ्याचं नाव सख्ख्या भावालाही द्यायचं नाही, हा आपला एकच नियम. तो तुझ्यासाठी मोडतो. मंगळवेढ्याला ज्याच्या पोरीच्या बारशात तू घुगऱ्यांची परात सांडलीस, तो. जाताना अंधार पडल्यावर जा, त्याला जप.

जीव तुझ्यापाशी ठेवला आहे.

तुझा,
दादा


सोलापूर,
३० मार्च २०२५

ती. दादांस,

सविनय जयभीम. वि. वि.

आनंदाची बातमी आहे. या वेळी जामिनाला सरकारी वकील विरोध करणार नाहीत, असा शब्द मिळालाय. तो कुणी दिला ते घरी आल्यावर बोलू. रागावू नका दादा, 'धोटा' मी एकट्याने कुठवर ओढणार? चांगली, वजनदार माणसं पाठीशी आलीत. संस्थापक म्हणून तुमचं नाव वरच राहील, ती तर त्यांचीच अट होती. वहिनींनी घर सारवून काढलंय.

लवकर या, लोभ वाढवा.

आपला,
नवनाथ


कारागृहातून,
८ एप्रिल २०२५

नवनाथ,

जयभीम.

'धोटा' मिळाला. जेलर साहेबांनी स्वतः आणून दिला. आता इथल्या वाचनालयात नियमाने येतो म्हणाले. तुझं पत्र वाचूनही मी स्वतःची समजूत घालत होतो, ती तिथे संपली.

पहिल्या पानावर मंगळवेढ्याच्या युवराजचा फोटो आहे. टँकरचा डिझेलचोर ड्रायव्हर, त्यानेच सरकारच्या बदनामीची अफवा उठवली, असं खाली लिहिलंय. गावही दिलंय. पोलिसांना इतके दिवस माझ्या तोंडून जे काढता आलं नाही, ते माझ्याच अंकात छापून आलं.

परवा त्यालाही याच गुन्ह्यात इथे आणलं. आमच्याच बराकीत आहे. मी जवळ गेलो तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणाला की, त्या पानावर वरती तुमचंच नाव हाय की दादा.

जामीन मंजूर झालाय, कागदावर माझी सही तेवढी हवी आहे. मी बाहेर पडलो की मीच त्याचं नाव विकलं, अशी त्याची खात्रीच पटेल. म्हणून सही केलेली नाही. शालन दारात उभी असेल. मी का आलो नाही, ते तिला तूच सांग.

आणि थोडी लाज उरली असेल तर मंगळवेढ्याला जा. त्या घरच्या घुगऱ्या तूही खाल्ल्या आहेस.

त्रिंबक
संस्थापक, 'धोटा'