आजोळचं रक्त

९ जानेवारी, बारामती
वेदचा रिपोर्ट आला. रोगाशी लढणाऱ्या पेशी जन्मापासूनच नाहीत. ताप, खोकला, तोंड येणं, सगळं त्यातूनच. आणि आम्ही दात येताहेत म्हणून खुशाल बसलो. मनीषा त्याला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात, काचेच्या खोलीत. डॉ. विचारतात, आईच्या माहेरी तान्हे मुलगे गेलेत का. ती मला म्हणाली, "शेळगावला जाऊन आईला तुम्हीच विचारा. पण का ते सांगू नका." बरं म्हणालो.

१२ जाने.
शेळगाव. सासूबाई भाकरी थापत होत्या. विचारलं तरी हात थांबला नाही. "दोन गेली, पाव्हणं. मनीच्या आदी एक, मागनं एक. दोन्ही ल्योकच. लोक म्हणली, नजर लागली. दुसऱ्याला तर मी घराभाईर बी काढलं न्हाय." मग मला वाढलं. कसा जेवलो कुणास ठाऊक.

१९ जाने.
दोष आईकडून येतो. मुलींना काही होत नाही, मुलगे वाचत नाहीत. बोन मॅरो कुणाचाच जुळला नाही. उरली जीन थेरपी, तीही चाचणीतली. वेदच्याच पेशी काढायच्या, बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत आत घालायची, पेशी परत त्यालाच द्यायच्या. प्रत पोचवणार निकामी केलेला विषाणू. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "म्हंजी रोगाच्याच पाठीवर औषध व्हय?" बरोबर बोलली. बरा होईलच असं कुणी म्हणत नाही. सही केली.

४ मार्च
नव्या पेशींना जागा करायचं औषध चालू. वेदचे केस गळाले. आई फोनवर चिडली, "जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतंय. सख्खा न्हाय तर चुलत मामा बसवायचा हुता." फोन ठेवला आणि तेव्हा डोक्यात शिरलं. सख्खे मामा होते की. दोन. याच आजारानं गेले. कामावर होतो, बँकेच्या जिन्यात बसून रडलो. शिपाई शेजारी पाणी ठेवून गेला.

११ मार्च
पेशी दिल्या. पिशवी एवढीशी, बघता बघता संपली. मनीषा म्हणाली, "एवढंच?" मलाही काहीतरी मोठं व्हायला हवं होतं.

७ मे, पुणे
नव्या पेशी अजून रक्तात दिसत नाहीत. काल परत ताप. सासूबाई हट्टानं माझ्याबरोबर आल्या. काचेला नाक लावून उभ्या. वेदनं हसून दोन दात दाखवले. जिना उतरताना म्हणाल्या, "माझ्याकडनंच आलंय न्हवं? तुमी इचारलं तवाच कळलं मला. पर मला कळलंय ते मनीला सांगू नका. ती सोताला खात बसंल."
नाही सांगत म्हणालो. त्यांना गाडीत बसवून परत वर गेलो. काचेपलीकडून मनीषानं फोनवर विचारलं, "आईला काही कळलं नाही ना?"
नाही म्हणालो. सोमवारी वेदचं रक्त पुन्हा तपासणार.